चिठ्ठीचा दर

सोमशेखर मठपती शिवाजी पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा, पण पेठेत तो दिसायचा कमीच. सकाळी त्याची मोटारसायकल गल्लीच्या बाहेर पडली की कधी शिरोळ, कधी गारगोटी, कधी थेट चंदगड. परत यायला दिवेलागण ठरलेली. शेजारपाजारच्यांनी विचारलं तर सांगायचा, "स्कॅन सेंटरला हाय. मार्केटिंग बघतो." पुढं कोणी खोदून विचारत नसे.

मूळचा तो गडहिंग्लजकडचा. घरात कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषा. वडील शिवय्या जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित. आसपासच्या गावांत लग्न, पूजा, शेवटची क्रिया, जे असेल ते करायचे आणि देणारा देईल ते घेऊन यायचे. सोमशेखरनं पदवी घेतली, औषध कंपनीत काही वर्षं काढली. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा त्याचा नंबर लागला. मग एका ओळखीनं तो डॉ. उदयसिंहांच्या सेंटरला चिकटला.

डॉ. उदयसिंह एमआरआय आणि सीटी स्कॅन वाचण्यात जिल्ह्यात नावाजलेले. बोलायला थोडे कडक, पण आतबाहेर एक. पहिल्याच दिवशी त्यांनी सोमशेखरला मशीनच्या खोलीत नेलं आणि काचेपलीकडं बोट दाखवलं.

"लोक तुला विचारतील, तुमच्याकडंच एवढा दर का. तर ऐक. हे मशीन मोठ्या ताकदीचं आहे. याचा बँकेचा हप्ता अजून पाच वर्षं चालणार. कंपनीचा देखभालीचा करार वेगळा. पेशंट असो नसो, एसी रात्रंदिवस चालू. रिपोर्ट मी स्वतः वाचतो. रस्त्यापलीकडं जे सेंटर आहे त्यांचं मशीन जुनं, ताकदीला कमी, त्याचे हप्ते कधीच फिटलेत. त्यांना कमी दर परवडतो. काही आजारांना ते मशीन पुरतं, काहींना नाही पुरत."

"म्हणजे फरक मशीनचाच की, साहेब."

डॉक्टर काचेपासून वळले. "अर्धा मशीनचा. उरलेला तू खिशात घेऊन फिरणार आहेस."

खिशात म्हणजे पाकिटं. गावोगावच्या ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पेशंट यायचे, त्यांचा वाटा महिन्याच्या शेवटी पाकिटातून पोचवायचा, हे सोमशेखरचं काम. पेशंट जो दर भरायचा त्यातला चांगला तिसरा हिस्सा असा परत गावाकडं जायचा. वाटा कमी झाला की त्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर दुसऱ्या सेंटरचं नाव यायचं. डॉ. उदयसिंहांना हे आवडत नव्हतं, पण मशीन रिकामं ठेवणं त्याहून आवडत नव्हतं. सोमशेखरनं फार विचार केला नाही. सगळीकडं हेच चालतं, असं तो स्वतःला सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. शिवाय त्याचा संबंध यायचा तो डॉक्टरांशी. पेशंट त्याला दिसतच नसत.

चार वर्षं अशी गेली.

एका सोमवारी काउंटरवरची बाई लग्नासाठी रजेवर होती, म्हणून डॉक्टरांनी सोमशेखरला तिथं बसवलं. अकराच्या सुमाराला चंदगडकडचं एक जोडपं आलं. नवरा पिराजी, पन्नाशीचा, उंच, अंगात धुतलेला पण चुरगळलेला शर्ट. बायको धोंडुबाई त्याच्या दंडाला धरून चालत होती. महिनाभर तिच्या पाठीत कळ होती, संध्याकाळचा बारीक ताप यायचा, आणि आता पायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. तालुक्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीवरचं अक्षर सोमशेखरच्या ओळखीचं होतं. मागच्याच आठवड्यात तो त्या डॉक्टरांकडं जाऊन आला होता.

"पाठीचा एमआरआय. साडेसात हजार," तो म्हणाला.

पिराजी वाकला. "पावणं, पलीकडं इचारून आलोय. तिथं सव्वाचार सांगत्यात. दोन्हीकडं फोटूच काढायचा न्हवं? मग एवढा फरक कशाचा?"

"आमचं मशीन मोठं हाय, दादा. बारीकसारीक सगळं दिसतं."

"हिचं दुखणं पलीकडच्या मशीनला दिसायचं न्हाय का?"

सोमशेखरला खरंच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "ते डॉक्टरच सांगतील."

पिराजीनं बायकोकडं पाहिलं. धोंडुबाई हळूच म्हणाली, "पलीकडंच चला. उरल्यालं औषधाला हुईल." दोघं सावकाश जिना उतरून गेली. सोमशेखरनं पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

अडीच-तीन आठवड्यांनी तीच दोघं परत आली. या वेळी धोंडुबाई रिक्षातून उतरली ती पिराजीच्या आणि रिक्षावाल्याच्या हातांवर. पाय जमिनीला टेकत होते, पण त्यांत जोर नव्हता. सोमशेखर त्या दिवशी महिन्याची पाकिटं घ्यायला सेंटरला आला होता. त्यानं धावत जाऊन चाकाची खुर्ची आणली.

"काय झालं, दादा? पलीकडं स्कॅन केला न्हाय का?"

"केला की. फोटू घिऊन डॉक्टरकडं गेलो. त्यांनी पिशवीतनं बाहीरसुद्धा काढला न्हाय. म्हणाले, ह्या मशीनवर काय दिसत न्हाय, मी सांगिटलं तिथंच करून आणा. पुन्हा पैसं जमवाय येळ लागला. तवर गोळ्या चालू हुत्या दुखण्याच्या." पिराजीनं कपाळ पुसलं. "परवा सकाळी ही उठाय गेली आन् पडली."

पैसे भरले, स्कॅन झाला. डॉ. उदयसिंह आतल्या अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसले होते. त्यांनी दार उघडून हाक मारली, "जुनी फिल्म असेल तर आण रे. किती वाढलंय ते बघतो." सोमशेखरनं पिराजीच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेली.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मग पलीकडच्या सेंटरचा रिपोर्ट वाचला. परत फिल्म पाहिली.

"मणक्याचा टीबी. शेजारी पू साठलाय. हे बघ, इथं. यात स्वच्छ दिसतंय. रिपोर्टसुद्धा बरोबर लिहिलाय, मीही हेच लिहिलं असतं. तेव्हा नसेवर दाब थोडाच होता." त्यांनी चष्मा काढला. "परत कशाला पाठवलं हिला?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. पलीकडच्या सेंटरला ते हाडांचे डॉक्टर पेशंट पाठवत नसत, म्हणून तिथून पाकीट येत नसे. पाकीट इथून जायचं. सोमशेखर स्वतः नेऊन द्यायचा.

"काउंटरला सांग, यांचे पैसे परत करायला," डॉक्टर खाली मान घालून म्हणाले आणि फोन उचलला. शहरातल्या थोरल्या सरकारी दवाखान्यातल्या मणक्याच्या सर्जनला त्यांनी स्वतः सगळं सांगितलं. धोंडुबाईला तिथून तशीच तिकडं हलवलं. बाहेर रिक्षात बसताना पिराजीनं विचारलं, "पैसं का परत दिलं हो?"

"साहेबांनी सांगितलं," सोमशेखर म्हणाला. एवढंच.

ऑपरेशन झालं. पू काढला, मणक्याला आधार बसवला, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सर्जन म्हणाले, जीव वाचला, पायांचं आत्ताच काही सांगता येत नाही. दोन आठवडे आधी आली असती तर चालत घरी गेली असती. हे वाक्य सोमशेखरनं वॉर्डच्या दाराशी ऐकलं. तो भेटायला म्हणून केळी घेऊन गेला होता. केळी परिचारिकेच्या टेबलावर ठेवून तो तसाच परत फिरला.

त्या महिन्याची पाकिटं त्याच्या बॅगेत तशीच राहिली. चंदगडची फेरी आली तेव्हा तो निघाला, तालुक्याच्या गावात पोचला, दवाखान्यासमोर मोटारसायकल उभी केली, आणि आत जाऊन रिकाम्या हातांनी बसला.

"साहेब, धोंडुबाई तुम्हाला आठवतात?"

हाडांच्या डॉक्टरांना आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "हे बघा मठपती, खराब फिल्मवर मी निर्णय घेत नाही. माझं नाव पणाला लागतं."

"फिल्म खराब न्हवती. आमच्या साहेबांनी बघितली. तुम्ही पिशवी उघडली न्हाई."

बाहेर पेशंटांची रांग होती. डॉक्टर उठून दार लावून आले. "तुम्हीच आणून देता ना? मग आता मला कोर्टात उभं करताय होय?"

सोमशेखरनं खुर्ची मागं सरकवली. तो उठला. पाकीट न देताच बाहेर पडला. घाटातून परत येताना एका वळणावर गाडी थांबवून तो बराच वेळ कठड्यावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी पाकिटं डॉ. उदयसिंहांच्या टेबलावर ठेवली. "साहेब, हे बंद करा. वाटा जातो तेवढा दर कमी करा. सगळ्यांना एकच दर, चिठ्ठी असो नसो."

डॉक्टरांनी त्याच्यावर आवाज चढवला नाही. तेही बहुतेक त्याच विचारात होते. सेंटरच्या बाहेर त्यांनी दराचा फलक लावला, पाठीचा एमआरआय पाच हजार. पहिले काही दिवस लोक फलकाजवळ थांबून वाचायचे, फोटो काढायचे. पण गावांकडच्या चिठ्ठ्या आटल्या. शिरोळकडून येणारे थांबले, मग जयसिंगपूरचे, मग शहरातलेही. दुपारच्या दुपार मशीन रिकामं पडू लागलं. तीन महिने डॉक्टरांनी कळ काढली. मग एका संध्याकाळी फलक आत आला.

"मला बँकेला तोंड द्यायचंय, सोमशेखर," ते म्हणाले. "तू तुझं बघ. मी तुला जा म्हणत नाही."

"व्हय, साहेब. मीच जातो."

त्यानं लक्ष्मीपुरीत औषधांच्या एका ठोक दुकानात काम धरलं. पगार निम्म्याच्या जरा वर. बायको वर्षाराणी शिलाईचं काम करायची, तिनं एकदाच विचारलं, "नक्की ना?" आणि मशीन पुन्हा चालू केलं.

काजूला मोहोर आला होता तेव्हा एका रविवारी तो पिराजीच्या वाडीवर गेला. धोंडुबाई अंगणात वॉकर धरून उभी होती. दोन पावलं टाकायची, थांबायची. त्याला बघून तिला आनंद झाला. "खुर्ची आणणारं पावणं हे," तिनं नवऱ्याला आठवण करून दिली, आणि जेवूनच जा म्हणाली.

चहा झाल्यावर पिराजी त्याला काजूच्या झाडांकडं घेऊन गेला. तिथं सोमशेखरनं सगळं सांगितलं. पहिली फिल्म ठीक होती. डॉक्टरांनी ती का उघडली नाही. पाकीट कोण न्यायचं. साडेसातातले किती कुठं जायचे.

पिराजी ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "हे तवा का न्हाय सांगिटलं? पैसं परत दिलं तवा?"

"हिंमत झाली न्हाय, दादा."

पिराजीनं अंगणाकडं पाहिलं. धोंडुबाई आता उंबऱ्यापर्यंत पोचली होती, पण उंबरा ओलांडायला तिला कोणाचा तरी हात हवा होता. "ही भात लावायची तर माझ्या पुढं असायची," तो म्हणाला. थोड्या वेळानं, आवाज न चढवता, "पावणं, तुम्ही निघा आता. तिला म्या सांगतो, काम निघालं म्हणून."

सोमशेखर जेवण न करताच निघाला. त्यानं आपला नंबर देऊन ठेवला होता, पण फोन येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता एका दुपारी फोन आला. दुकानात माल उतरत होता. पलीकडून नमस्कार नाही, चौकशी नाही.

"पिराजी बोलतोय. आमच्या वाडीतल्या बनाबाईच्या डोक्याचा स्कॅन सांगिटलाय. कुठं न्यू?"

सोमशेखर खोक्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. "कुठं ते मी सांगत न्हाई, दादा. आधी डॉक्टरांना इचारा, काय बघायचंय आन् त्याला लहान मशीन पुरंल का. मग दोन-तीन ठिकाणी फोन करा. मशीन किती ताकदीचं, इंजेक्शन लागलं तर त्याचं पैसं दरातच का वेगळं, आन् रिपोर्ट कोण वाचणार. शेवटी इचारा, चिठ्ठीबिगर आलो तर किती."

"आन् डॉक्टरनं फोटू बघितलाच न्हाय तर?"

"तर फिल्म आन् रिपोर्ट घिऊन दुसऱ्या डॉक्टरकडं जावा. त्याच दिवशी. घरी परत जाऊ नका."

मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. "बरं," पिराजी म्हणाला.

सोमशेखरला धोंडुबाईचं विचारायचं होतं. तोवर फोन ठेवला गेला होता.