आईचा आवाज आणि माझी पीएच.डी.

माणसाच्या आवाजावरून त्याच्या भावना ओळखायला कॉम्प्युटरला शिकवणं, हा माझा पीएच.डी.चा विषय आहे. चारकोपच्या आमच्या सोसायटीत याचा अर्थ 'पोरगी अजून शिकतेच आहे' असा लावतात.

यंदा गणपती महिन्यावर आले, तरी आई आणि वाकोल्याची सुनंदाकाकी यांचा अबोला सुटत नव्हता. काकी आईची धाकटी जाऊ. गेल्या गणपतीत आईचे मोदक बघून ती 'लाडू छान झालेत' म्हणाली होती, एवढंच! दोघी एका स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या नाहीत, तर गावच्या घरी नैवेद्याचे मोदक बाबा आणि काका वळणार होते. (बाबांना चहासुद्धा जमत नाही.) घाबरून बाबांनीच काकीला जेवायला बोलावलं.

"तुझं ते मशीन लाव," ते मला म्हणाले. "भडका उडतोय असं दिसलं तर मध्ये पड."

मी मोबाइलवर माझा प्रोग्राम चालू करून तो फ्रिजवर ठेवला. माणूस शांत असला तर स्क्रीन हिरवा, रागावला तर लाल.

"या, बसा," आई काकीला म्हणाली.

"कशाला त्रास घेतलात, वहिनी?"

"त्रास कसला! घ्या ना अजून."

"नको हो. पुरे."

स्क्रीन हिरवागार! मी लगेच स्क्रीनशॉट काढून माझ्या गाइड मॅडमना पाठवला: 'घरगुती चाचणी यशस्वी.' (जिला लग्नापासून 'तू' म्हटलं, त्या जावेला आई 'बसा' का म्हणतेय, हा प्रश्न मला पडला नाही. बाबांना पडला असावा, कारण ते ताटातून मान वर काढत नव्हते.)

तेवढ्यात काकीने बांगड्याचं तिखलं चाखलं आणि ती थेट मालवणीत सुरू झाली.

"गो वयनी, मीठ घातलंस की मिठागर ओतलंस?"

"तुझीच जीभ सडली! वर्सभर खंय मेल्लंस गो?"

"तुझ्या मोदकाखाली चेंगारलंय!"

स्क्रीन लालभडक! मी उठले. मोबाइल उचलला, काकीची पर्स उचलली आणि खरकट्या हाताच्या काकीला ओढत खाली नेऊन रिक्षात बसवलं.

"गो, माझा जेवाण!" काकी ओरडली.

"काकी, आज नको. परत कधीतरी."

वर गॅलरीत आई. "सुनंदा! उतर खाली! ताट कोण संपवतला?"

"आधी तुझ्या चेडवाक आवर!" (चेडू म्हणजे मी.)

"मॅडम, जाना है के नहीं?" रिक्षावाला.

काकी उतरली, माझ्या हातातली पर्स हिसकावून वर गेली. संध्याकाळपर्यंत दोघी स्वयंपाकघरात खिदळत होत्या. मोदकांचं ठरलं, सारणाचं ठरलं, आणि उरलेल्या वेळात माझ्या अकलेचा विषय झाला.

"त्या ओरडायला लागल्या तेव्हाच मिटलं होतं गं," बाबा म्हणाले. "तुला कळलं नाही?"

"पण बाबा, स्क्रीन लाल होता!"

दुसऱ्या दिवसापासून आई माझ्याशी फारच गोड वागायला लागली. 'आपण चहा घेणार का?' 'राहू दे हं, ताट मी उचलते, आपल्याला अभ्यास असेल.' स्क्रीन हिरवा. मला भरूनच आलं. मी तीन दिवस सगळं रेकॉर्ड केलं आणि 'प्रेमळ संवादाचे उत्तम नमुने' म्हणून मॅडमना पाठवलं.

आई माझ्यावर भयंकर रागावली आहे, हे मला चौथ्या दिवशी कळलं. तेही बाबांनी सांगितलं म्हणून!