'इतर' नावाचा रकाना

दालचिनी घातलेल्या कॉफीचा वास आला, की अजूनही माझ्या कानांच्या पाळ्या तापतात.

त्या सकाळी वाकडच्या ऑफिसातली काचेची खोली त्या वासाने भरली होती. कॉफी माझी सहकारी रुचा हिची होती. पडद्यावर आमचा डिजिटल फळा उघडला होता. त्यावर अनेकांनी एकाच वेळी चिठ्ठ्या लिहायच्या आणि आम्ही घडवत असलेल्या एआय सहायकाने त्यांचे गट पाडायचे. फळा चाकणच्या कारखान्यांसाठी होता. म्हणून चाचणीला मी कामगार लिहितात तशाच चिठ्ठ्या लिहिल्या. 'दोन नंबरच्या प्रेसला तेल गळतंय.' 'हातमोजे पुरत नाहीत.' रुचाच्या इंग्रजी चिठ्ठ्यांना सहायकाने सुबक मथळे दिले. माझ्या सगळ्या उचलून एका रकान्यात टाकल्या. रकान्याचं नाव, 'इतर'.

खोली हसली.

"अगं, तू काय म्हणतेस ते त्यालाही कळेना," मॅनेजर म्हणाले. "रुचाकडून नीट लिहून घेत जा."

मीही हसले. ते हसू मी स्वतःला माफ केलेलं नाही.

रुचाचा मला मत्सर वाटे. लपवत नाही. तिचा आवाज मऊ. सायीवरून चमचा फिरावा तसा. माझा मोठा. वडिलांचे कान कारखान्यातल्या प्रेसच्या धडधडीने नेले, त्यामुळे कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत सगळेच मोठ्याने बोलतो. तिला शब्द शोधावे लागत नसत. तिच्या चुकांना प्रयोग म्हणत, माझ्या चुकांना चुका. आरशासमोर मी तिच्यासारखं 'ॲक्च्युअली' म्हणून पाहिलं आहे. किती वेळा, ते सांगणार नाही.

मग तीन आठवडे मी चाकणच्या एका कारखान्यात पाळी बदलताना फळ्यापाशी उभी राहिले. एका ऑपरेटर ताईने लिहिलं, 'तीन नंबरच्या प्रेसचा पार्ट हाताला गरम लागतोय.' सहायकाने ती चिठ्ठी 'पंखा बंद आहे'च्या शेजारी, 'उकाडा' या गटात नेली. ताई शांतपणे म्हणाली, "उकाडा न्हाई ओ. डाय घासतीय." प्रेस थांबवली. डायला, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला, नख अडकेल एवढा ओरखडा होता.

त्या संध्याकाळी मी आराखडा बदलला. सहायकाने गट सुचवावा. पण लिहिणाऱ्याने होकार दिल्याखेरीज चिठ्ठी जागची हलवू नये. महिनाभर मी तेवढंच घडवलं. सादरीकरण नेहमी रुचा करी, म्हणून आराखड्याची चित्रं तिच्याकडे दिली. पुढच्या बैठकीत ते 'रुचाचं इनसाइट' झालं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. तळहात चुरचुरले, आणि दोन वर्षं ज्याचा हेवा केला त्यात माझंही किती होतं, ते मला दिसलं.

शेवटचं सादरीकरण त्याच कारखान्यात होतं. यंत्रं गार ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास, लोखंडी खुर्च्या. समोर लाइनच्या प्रमुख बाई, निळ्या ॲप्रनमध्ये. रुचाचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "लिहिणाऱ्याला विचारल्याबिगर चिठ्ठी हलवायची नाही, हे कशावरून ठरवलं?"

रुचा हसली. तिची बोटं टेबलाखाली फोनवर चालली. माझ्या लॅपटॉपवर तिचा निरोप उमटला: 'उत्तर पटकन लिही ना गं.'

अशा निरोपांना मी दोन वर्षं उत्तरं पुरवत आले होते. मी झाकण मिटलं आणि उभी राहिले.

"हे काम माझं आहे," मी म्हणाले. माझ्या घरच्या, मोठ्या आवाजात. "याचं उत्तर मी देईन. आणि यापुढे माझ्या कामावर माझं नाव नसेल, तर ते काम मी कुणाच्याही हाती देणार नाही."

"अगं, बस," मॅनेजर दात आवळून म्हणाले. "आपण ऑफिसात बोलू."

मी बसले नाही. उद्या नोकरी राहील की नाही, ठाऊक नव्हतं.

प्रमुख बाईंनी मॅनेजरांकडे पाहिलं, रुचाकडे पाहिलं. मग खुर्ची माझ्या दिशेला वळवली.

"बोला."