मले आवाज पाहिजे

"आवाज नाही आला गा," रामटेके काकाजी म्हणाले.

त्या वेळी गाडीच्या काचा थरथरत होत्या. डॅशबोर्डवर ठेवलेला माझा स्क्रूड्रायव्हर सरकत सरकत खाली पडला होता. डिक्कीत बारा इंची सबवूफर, सीटखाली ॲम्प्लिफायर, चारही दारांत नवे स्पीकर. सकाळी नऊपासून कन्हानच्या त्यांच्या घराच्या अंगणात मी वायर ओढत होतो. आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून हा माणूस म्हणतो, आवाज नाही आला.

मला राग आला. तसा मला राग लवकर येतो. बावीस वर्षं मी गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवतो आहे. कळमन्याच्या रस्त्यावर दुकान आहे, पण मोठं काम असलं की गिऱ्हाइकाच्या घरी जातो. तिथे गाडी दोन दिवस उघडी ठेवता येते, सीटा काढून ठेवता येतात. इतक्या वर्षांत आवाज कमी पडला अशी तक्रार एकानेही केली नव्हती. जास्त झाला म्हणून शेजारी भांडायला आले, ती गोष्ट वेगळी.

मी गेन वाढवला. ॲम्प्लिफायरने किती जोर लावायचा, ते ठरवणारा हा छोटा स्क्रू. पुन्हा गाणं लावलं. मागची नंबर प्लेट खडखडायला लागली.

"आता, काकाजी?"

त्यांनी मान हलवली. "हे तर चक्कीवानी होऊन राहिलं. आवाज कुठी आहे?"

चक्की म्हणजे काय, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी घराला लागून पिठाची चक्की चालवली. त्या धडधडीशेजारी उभं राहून कान गेले. उजवा जवळपास बंद, डावा अर्धा. कानाच्या मशीनमध्ये बोलणं थोडंफार समजायचं, पण गाण्याची नुसती किरकिर व्हायची. हेडफोन लावला की कानात ठणका लागायचा. आणि डाव्या कानातलंही कमी होत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती दिवसांत, ते त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

ही सगळी हकीकत त्यांची मुलगी सुजाता हिने मला फोनवर सांगितली होती. मग काकाजींनी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "मले आवाज पाहिजे. बाकी तुले जे कराचं ते कर."

म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, जोरात पाहिजे, असा मी अर्थ लावला. आमच्या धंद्यात 'आवाज पाहिजे' याचा दुसरा अर्थ नसतो.

सुजाता चहा घेऊन बाहेर आली. मी तिच्यावरच घसरलो. "ताई, तुमच्या बाबाले नेमकं पाहिजे काय? याच्याहून जास्त लावलं तर आहे तो कानही जाईन."

तिने कप माझ्या हातात दिला. "भाऊ, त्याहिले आईचा आवाज पाहिजे. तुमाले सांगितलं न बाबानं."

मी चहाचा कप बोनेटवर ठेवला.

सकाळपासून मी चाचणीसाठी जी गाणी वाजवत होतो, ती काकाजींच्या बायकोची होती. शकुनबाई. विहारात आणि जयंतीच्या कार्यक्रमांत त्या भीमगीतं गायच्या. दोन वर्षांपूर्वी वारल्या. कोणीतरी कॅसेटवर भरून ठेवलेली गाणी सुजाताने पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली होती. मला त्यात फक्त ढोलकी, हार्मोनियम, मागे कोरस आणि एक बाई ऐकू आली होती. कोण गातंय, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं. मला लाज वाटली.

"घरी टीव्हीवर लावून पाहिलं. त्याहिले ढोलकीच ऐकू येते," सुजाता म्हणाली. "काचा बंद करून गाडीत बसलं तर आई ऐकू येईन, असं त्याहिले वाटते. बाबा तिच्या एकाही कार्यक्रमाले गेले नाही, भाऊ. संध्याकाळीच चक्कीवर गर्दी राहे."

मी सबवूफर काढला. तो फक्त खालचा धमधम आवाज देतो आणि बाईचा गळा त्याच्याखाली दबून जातो. माणसाचा गळा मधल्या पट्टीत असतो. त्यातली स, श, फ अशी अक्षरं वरच्या पट्टीत असतात, आणि चक्कीने काकाजींच्या कानातली नेमकी तीच पट्टी खाल्ली होती. शिवाय माझे स्पीकर दारांत, गुडघ्याखाली. अर्धा आवाज पायांवर पडत होता आणि उरलेल्यातला बराचसा बंद कानाकडे जात होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या पट्टीचे दोन स्पीकर घेऊन गेलो. काकाजी ड्रायव्हरची सीट सोडायला तयार नव्हते. म्हणून मी शेजारच्या सीटच्या हेडरेस्टवर प्लायवूडची चौकट केली, तिला रेक्झिन लावलं आणि दोन्ही स्पीकर त्यांच्या डाव्या कानाकडे तोंड करून बसवले. आमच्यातल्या कोणी पाहिलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. गाणं समोर, मधोमध ऐकू आलं पाहिजे, हा आमचा पहिला नियम. मी सगळं एका बाजूला लोटलं होतं.

मग ट्यूनिंग. लॅपटॉपवर एकेक पट्टी कमीजास्त करायची. त्यासाठी नुसता गळा हवा, वाद्यं नकोत. गाणं सुरू व्हायच्या आधीचे काही सेकंद तसे सापडले. शकुनबाई खाकरतात, काहीतरी विचारतात, एक बाई उत्तर देते आणि ढोलकी सुरू होते. तेवढाच तुकडा मी पुन्हा पुन्हा वाजवला. माझं लक्ष अक्षर स्वच्छ येतं की नाही याकडे होतं. शब्द डोक्यात शिरायला वीसेक वेळा ऐकावं लागलं.

"ते आले का वं?"

"नाही बाई."

मी दुसरं गाणं लावलं. तिथेही तोच प्रश्न. चौदा गाण्यांपैकी पाचांत होता.

सुजाताला बाजूला घेतलं. म्हटलं, "ताई, हे दोन मिनिटांत कापता येते."

"राहू द्या," ती म्हणाली. "आईचं बोलणं तेवढंच आहे आमच्यापाशी. बाकी सारं गाणंच आहे."

काकाजी येऊन बसले. काचा बंद केल्या. मी मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलो आणि पहिलं गाणं लावलं. त्यांनी चटकन डावीकडे मान वळवली.

"आली," ते म्हणाले. "शकुनच आहे."

गाणं पुढे गेलं नाही. त्यांनी हात वर करून थांबवायला सांगितलं, मग पहिल्यापासून लावायला सांगितलं. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ते मागे वळले. "गाण्याच्या आधी काय म्हणून राहिली गा ती? बोल समजत नाही."

गळा मी त्यांच्यापर्यंत पोहोचवला होता, शब्द पोहोचले नव्हते. ते माझ्या मशीनच्या आवाक्यात नव्हतं. सुजाता बाहेर उभी होती. मी पुढे वाकलो आणि त्यांच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं, "विचारते, ते आले का."

काकाजींनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"चक्की होती न," ते म्हणाले.

मग त्यांनी खूण केली आणि मी गाणं पुढे जाऊ दिलं.

आता कोणाच्याही गाडीत चाचणीचं गाणं लावण्याआधी मी कोण गातंय ते विचारतो. बहुतेक लोक गायकाचं नाव सांगतात, हसतात आणि बास वाढवायला सांगतात. मी वाढवतो. शंभरात एखादा थांबून आपल्याच माणसाचं नाव सांगतो, त्याच्याकडे मी दुसऱ्या दिवशी मधल्या पट्टीचे स्पीकर घेऊन पुन्हा जातो.

त्या कामानंतर सात महिन्यांनी सुजाताचा फोन आला, बाबांना पुन्हा ऐकू येत नाही. मी कन्हानला गेलो. वायर, फ्यूज, स्पीकर, सगळं ठीक होतं. शेवटच्या टोकापर्यंत वाढवून पाहिलं. काकाजी डावीकडे मान करून बसले होते, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. वाढवण्यासारखं आता काही उरलेलं नाही, हे मी कागदावर लिहून त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत दिला.

"राहू दे," ते म्हणाले. "तू गाणं बंद नको करू. ती काय विचारते, ते मले आता माहीत आहे."