गच्चीवरून काढलेले छत्तीस फोटो

वरवट बकाल गावातल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर गुलाबराव फोटोग्राफरने काढलेले फोटो आहेत. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. त्याची बायको पंचफुला कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढायची. "माह्या तोंडात काय पाहाचं हाय?" म्हणायची. मोबाइल आले तरी तेच. आधार कार्डावर तेवढा एक फोटो होता, पण तो तिचाच आहे हे सांगावं लागे.

गुलाबरावने तरुणपणी लग्नांसाठी अकोल्याहून एक जुनी झूम लेन्स आणली होती. वजनाला वरवंटाच. नळी सरकवली की लांबचं माणूस जवळ यायचं. फोकस मात्र कडं फिरवून हातानेच जुळवायचा. मांडवाच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या नवरीच्या डोळ्यांतलं पाणी टिपणारा गडी तो.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी पंचफुलाला घरी न्यायला सांगितलं. तेव्हा गुलाबरावने ठरवलं, तिच्या नकळत एक तरी चांगला फोटो काढायचा. खराब होऊ नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेला छत्तीस फोटोंचा एक शेवटचा फिल्म रोल होता. ती सकाळी अंगणात उन्हाला बसे. हा गच्चीवर पाण्याच्या टाकीआड. सत्तरीतला नवरा स्वतःच्याच बायकोला चोरून बघतोय, हे कोणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं.

कॅमेऱ्यात डोळा लावला की मधोमध एक गोल दिसतो. त्यात चेहऱ्याचे दोन तुकडे दिसतात. ते जुळले की फोकस बरोबर. पण गुलाबरावच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. तिच्या आजारपणात ऑपरेशन राहूनच गेलं होतं. त्या धुक्यात तुकडे रोजच जुळलेले वाटत. जन्मभर डोळ्यांच्या जिवावर भाकरी खाल्लेला माणूस, दिसत नाही हे सांगणार तरी कुणाला?

माघात पंचफुला गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून हार घालावा लागला. त्याने रोल धुवायला पुण्याला पाठवला. तो येईपर्यंत मुलाने त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

फोटो आले. मागच्या भिंतीच्या विटा मोजाव्यात इतक्या स्पष्ट होत्या. पुढे नुसता निळा, पुसट आकार. छत्तीसच्या छत्तीस तसेच. गुलाबराव बाजेवर बसून राहिला.

सून मंजुश्री चहा घेऊन आली. तिनेही फोटो पाहिले. सासूला ती आत्याबाई म्हणे.

"मामाजी, आत्याबाईले ठाऊक होतं. रोज सकाळी निळं लुगडं मागत, अन् म्हणत, 'ते वर चढले का पाह्य, मंग मले बाहीर बसव.'"

"मंग मले काऊन नाही सांगितलं? मी जवळून काढला असता."

"मी म्हटलं होतं तसं. तं म्हणाल्या, 'ते जवळ आले तं मले रडू येईन.'"

गुलाबरावने चहा तसाच ठेवला आणि फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहिले. नाक-डोळे काही दिसत नव्हते. पण तिचं तोंड गच्चीकडे होतं, आणि एकाही फोटोत त्यावर पदर नव्हता.