गुणांमधला फरक

मी शाळेतून निवृत्त झाले त्याच वर्षी आई गेली. मंगळवार पेठेतल्या शाळेत इंग्रजी शिकवायचं आणि घरी येऊन आईचं करायचं, एवढाच माझा दिवस होता. दोन्ही एकदम संपलं. लग्न मी केलं नव्हतं. भाऊ बंगळुरात असतो, रविवारी फोन करतो, तब्येतीचं विचारतो आणि ठेवतो.

राजारामपुरीत आमच्या फ्लॅटच्या खाली एक कोचिंग क्लास आहे. संध्याकाळी तो सुटला की जिन्यात पोरांचा गलका होतो, गाड्या सुरू होतात, कुणीतरी कुणालातरी आरडून हाक मारतं. पाच-दहा मिनिटांत सगळं शांत. ती शांतता मला सोसायची नाही. मी टीव्ही लावायचे. बघायचे नाही, नुसता लावायचे.

अशात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती पुण्यात एका संस्थेत काम करते. मराठी शाळेतल्या सहावीच्या मुलांना इंग्रजी वाचून कितपत कळतं आणि स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिता येतात का, याची चाचणी ती संस्था आमच्या जिल्ह्यात घेणार होती. "बाई, पेपर तपासाल का? घरबसल्या काम आहे, सगळं कॉम्प्युटरवर येतं." मी विचार करते म्हणाले, पण फोन ठेवायच्या आधीच हो म्हणून टाकलं.

कामाची पद्धत अशी होती. प्रत्येक पेपर दोन तपासनीस वेगवेगळे तपासत. एकाने किती गुण दिले ते दुसऱ्याला स्वतःचे भरेपर्यंत दिसत नसे. दोघांच्या गुणांत फार फरक पडला तर पेपरासमोर लाल खूण यायची. मग दोघांनी फोनवर बोलायचं आणि एकमत करायचं. एकमत झाल्याशिवाय तो पेपर पुढे सरकत नसे.

माझे जोडीदार कबनूरचे निघाले. इचलकरंजीकडच्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे शिक्षक. पहिला फोन त्यांचाच आला, आणि नमस्कार-चमत्कार काही नाही.

"मॅडम, मी दुसरा तपासनीस. त्या खिडकीवालीला तुम्ही पैकीच्या पैकी दिलेत?"

वाचनाचा उतारा असा होता : एक मुलगी आजोबांबरोबर एसटीने गावाला निघते. आजोबांना डुलकी लागते. उतरायचं गाव मागे पडतं, तरी मुलगी त्यांना उठवत नाही. का उठवत नाही, असा प्रश्न. आजोबा दमले होते म्हणून, हे संस्थेने दिलेलं नमुना उत्तर. एका मुलीने मात्र लिहिलं होतं, "बिकॉज शी गेट विंडो." मी पूर्ण गुण दिले होते. त्यांनी शून्य.

"उताऱ्यात कुठं लिवलंय, खिडकी मिळाली म्हणून?" ते म्हणाले.

"आहे की, सर. ती शेतं बघते, नदी बघते, पुलावरची माणसं बघते. खिडकीशी बसल्याशिवाय दिसतील का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. त्यांनी उतारा छापून घेतला असावा.

"व्हय की," ते हळूच म्हणाले. "पण ते 'गेट' न्हाय, 'गॉट' पायजे."

"व्याकरणाचे गुण वेगळे आहेत."

"मग त्यातला तरी एक कापू या."

मी हसले. किती दिवसांनी घरात माझ्या हसण्याचा आवाज झाला, आणि मलाच तो जरा मोठा वाटला.

त्यानंतर बहुतेक रोज संध्याकाळी फोन व्हायचा. ते गच्चीवरून बोलत. खाली घरात फार कालवा असतो, म्हणायचे. कधी ते मला पटवायचे, कधी मी त्यांना. शब्द चुकला की त्यांचा हात आखडायचा. मुलाला म्हणायचं काय आहे ते कळलं की माझा सुटायचा. गुणांचं बोलणं संपलं की ते थोडं थांबत आणि विचारत, "जेवलासा काय?"

आईनंतर हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"आमटी-भात केलाय," मी सांगायचे.

"निसती आमटी? आणि भाजी?"

मग मी दुसऱ्या दिवशी भाजी करायचे. कुणाला दाखवायची नव्हती, पण विचारलं तर सांगता आली असती.

लिहायला मुलांना 'न उघडणारं दार' असा विषय दिला होता. निम्म्या मुलांनी गाईवरचा किंवा आईवरचा पाठ केलेला निबंध उतरवला होता, कारण पान कोरं सोडू नका असं त्यांना वर्गात बजावलेलं असतं. काहींनी भुताचं दार लिहिलं. एका मुलाने लिहिलं होतं की, मी बाबांना डबा घेऊन गेलो. दार बंद होतं. मी वाजवलं, वाजवलं, बाबा आले नाहीत. मी पायरीवर बसलो. मग लाईट गेली. मग बाबांनी दार उघडलं आणि आम्ही दोघं जेवलो. इंग्रजी सगळं मोडकंतोडकं.

मला ते आवडलं होतं, पण मधेच लाईटचं कुठून निघालं ते कळेना. गोष्टीत सलगपणा नाही म्हणून मी गुण कापले. त्यांनी जवळजवळ पूर्ण दिले होते. हात आखडणाऱ्या माणसाने एवढे दिलेले बघून मीच आधी फोन लावला.

"लाईट जाण्याचा आणि दार उघडण्याचा संबंध काय, सर?"

ते बराच वेळ हसले. "मॅडम, पोरगं आमच्या हितलं हाय. बा यंत्रमागावर कामाला हाय त्याचा. माग चालू असल्यावर दारावर धडका दिल्या तरी आत ऐकू येत न्हाय. लाईट गेली की माग थांबलं. मग ऐकू आलं बाला."

मी तो पेपर पुन्हा उघडला. आता तो अगदी सरळ होता. पायरीवर बसलेला मुलगा, मांडीवर डबा, आत धडधड. माझं सगळं आयुष्य तिथून तासाभराच्या अंतरावर गेलं आणि मला ते दार ऐकू आलं नव्हतं. मी गुण वाढवले.

"आणि स्पेलिंगचं?" मी विचारलं.

"राहू द्या हो," ते म्हणाले.

त्यानंतर मात्र एक गोष्ट होत गेली, आणि ती लक्षात यायला मला वेळ लागला. लाल खुणा कमी व्हायला लागल्या. मी पेपर वाचताना त्यांचा आवाज कानात यायचा, 'उताऱ्यात कुठं लिवलंय?', आणि माझा हात थांबायचा. तेही बहुधा माझं ऐकत असावेत, कारण पूर्वी जिथे त्यांनी शून्य दिलं असतं तिथे आता गुण दिसत. आधी रोजचा फोन एक दिवसाआड झाला, मग आठवड्यातून एखादा. कारण असल्याशिवाय फोन करायची आमची रीत पडली नव्हती. मी दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. काय म्हणून करणार? आपलं सगळं जुळतंय, हे सांगायला?

पुण्याहून विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, सगळ्या जिल्ह्यात तुमची जोडी सगळ्यात छान जुळलीय!" ती खूश होती. मी बरं म्हणाले.

लेखी काम संपल्यावर तोंडी वाचनाची तपासणी होती. माझ्या वाट्याला आलेल्या शाळांत कबनूरची एक होती. मी त्यांना तसं कळवलं. "मग घरी या की, च्या प्यायला," ते म्हणाले. मी इस्त्रीची साडी नेसले आणि जाताना मिठाईचा पुडा घेतला. तपासणी उरकून बाहेर आले तर शाळेच्या फाटकाशी एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. फोनवर मला ते बुटके वाटले होते.

"प्रवास नीट झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला."

घरापर्यंत आम्ही दोघं आणखी काही बोललो नाही. फोनवर मधे एक पेपर असायचा.

घर माणसांनी भरलेलं होतं. मुलगे, सुना, नातवंडं. एक टीव्ही बाहेर, एक आत. सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, आणि एवढ्या घरात कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि माझ्याजवळच टेकल्या.

"तुमीच व्हय त्या फोनवाल्या मॅडम?"

"हो, मीच."

"ह्यास्नी घरात काय इचारलं तर हूं न्हाय की चूं न्हाय. आणि गच्चीवर गेलं की तास तास. एवढं काय बोलत हुतासा?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"मुलांचे पेपर," मी म्हणाले.

"निसतं पेपर?"

"नुसते पेपर. आणि जेवण झालं का, एवढंच."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "माझी बी शाळा सातवीपतोर झालीया. मला सांगितलं असतं तर मला बी कळलं असतं की."

सर चहाच्या कपात बघत होते. मला राहवलं नाही. मी त्यांना ती एसटीतली गोष्ट सांगितली, मराठीतून. मुलगी, आजोबा, मागे पडलेलं गाव. "तिने का उठवलं नसेल, सांगा."

"का म्हंजे?" त्या म्हणाल्या. "उठवलं असतं तर उतराय लागलं असतं. कुणाला उतरू वाटतंय?"

दमलेले आजोबा नाहीत, खिडकीही नाही. सरांनी मान वर केली.

"हे बी बरोबर हाय," ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि मग पत्नीकडे वळले. "दुसरं एक हुतं. ऐक." त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि एका पोराने गाईच्या निबंधात गाईच्या जागी मास्तर घालून काय घोटाळा केला होता ते सांगायला लागले. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. हा पेपर आमचा जुळलेला होता, त्यामुळे त्यावर आम्ही कधी बोललो नव्हतो. त्यांच्या तोंडून मीही तो पहिल्यांदाच ऐकत होते.

गोष्ट संपायच्या आत माझा चहा संपला. बसची वेळ झाली म्हणून मी उठले. दोघं दारापर्यंत आले. "पुन्यांदा या," त्या म्हणाल्या. सरांनी हात जोडले. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर ती दोघं दारातच होती आणि सर हातवारे करून त्यांना काहीतरी सांगत होते. मला बरं वाटलं. बसमध्ये बसल्यावर ते बरं वाटणं टिकलं नाही, पण ती त्यांची चूक नव्हती.

फोन पुन्हा आला नाही. मीही केला नाही. दिवाळीत एक मेसेज आला, पणत्यांच्या चित्राचा, सगळ्यांना पाठवतात तसा. मीही तसलाच एक पाठवला.

या वर्षी चाचणी पुन्हा आहे. पद्धत थोडी बदलली आहे. दुसऱ्या तपासनिसाच्या जागी आता मशीन गुण देतं. फरक पडला तर फोन करावा लागत नाही. पडद्यावर एक चौकट येते, तिच्यात कारण लिहायचं. मी लिहिते. आधी दोन-दोन परिच्छेद लिहायचे, मग कळलं की ठराविक अक्षरांच्या पुढे ती घेतच नाही.

यंदा विषय आहे, एक दिवस तुम्ही प्राणी झालात तर. परवा एका मुलाने लिहिलं होतं की, मी म्हैस झालो आणि दिवसभर पाण्यात बसून राहिलो. काठावरून सर माझं नाव घेऊन हाका मारत होते. पण म्हशीला नाव नसतं, म्हणून मी गेलो नाही. मशीनने विषयाला धरून नाही म्हणून अगदी कमी गुण दिले होते.

मी एकटीच मोठ्याने हसले. चौकटीत लिहिलं, 'विषयाला धरून आहे.' पूर्ण गुण भरले आणि पुढचा पेपर उघडला.