खरपूस म्हणजे किती

आमच्या आईच्या लेखी खरपूस हा एकाच वेळी रंगही होता आणि पोतही. तांबूस दिसलं पण दाताखाली मऊ लागलं, तर ते खरपूस नाही. कुरकुरीत लागलं पण पांढुरकं दिसलं, तर तेही नाही. एक ठिपका जरी काळा पडला तरी, "जाळलंस!" शेंगदाणे, रवा, भाकरीचा पापुद्रा, सगळ्यांना हीच परीक्षा. तीत आमचं निम्मं खानदान अजून नापास आहे.

दिवाळीआधी शहागंजमागच्या एका बेकरीत अर्धं शहर आपापल्या नानकटाया भाजून घ्यायला जातं. जो तो आपली थाळी अशी कवटाळून उभा असतो, जणू आत निजामाचे हिरे आहेत. गेल्या दिवाळीत आमचा डबा जालन्याला, बहिणीच्या सासरी जायचा होता. आदल्या वर्षी आमच्या घरच्या तुपातल्या नानकटाया खाऊन तिच्या सासूनं चारचौघांत "डालडा वाटतं" असं म्हणून आईचं नाक कापलं होतं. आई तेव्हापासून ठाम होती : बेकरीत थाळ्या बदलतात. म्हणून या खेपेला तिनं प्रत्येक गोळ्यावर स्वतःचा अंगठा उमटवला आणि मला बजावलं, "भट्टीवरचा डोळा हलवू नको."

मी नाही हलवला. म्हणजे, चहापुरता हलवला. आता चहा प्यायला कितीसा वेळ लागतो? बाकी सगळा वेळ मला तर रांगेतली बुरख्यातली बाई, तिच्यामागचा वकील, बेकरीचं मांजर, सगळेच आमच्या थाळीकडं टपलेले वाटत होते.

घरी डबा उघडला. एकाही नानकटाईवर अंगठा नाही!

"ह्या आपल्या नायत," आई म्हणाली. "अन् खरपूस तर अजिबात नायत. तू तिथंच होतास ना?"

"व्हय तर!" मी म्हणालो. शहरात एवढं धडधडीत खोटं त्या दिवशी दुसरं कुणी बोललं नसेल.

डबा घेऊन ती तरातरा बेकरीत गेली, मी मागं. म्हातारे बेकरीवाले चाचा ऐकून घेत होते. मग त्यांनी स्वतःच्या परातीतला एक कच्चा गोळा तिच्यापुढं धरला. "अम्मा, लगाओ अंगूठा." गोळा भट्टीत गेला. आम्ही तिघं डोळे फाडून बघत राहिलो. गोळा पसरला, फुगला, तडकला. अंगठा गायब.

आईनं डबा त्यांच्यापुढं सरकवला. "बरं, पण खरपूस कुठंय?"

"वो कितना होता, अम्मा?"

"सांगून समजायचं नाय." तिनं स्टूल ओढलं, भट्टीपुढं बसली आणि डब्यातल्या नानकटाया थाळीत मांडून परत आत घालायला लावल्या. "अजून... अजून... थांब... काढ!"

थाळी बाहेर आली. तांबूस, कडेला किंचित गडद, नखानं टिचकी मारली तर टक् वाजणारी. चाचा मान डोलवत म्हणाले, "अच्छा! ये है खरपूस."

पहिली नानकटाई आईनं त्यांच्याच हातावर ठेवली. मला वाटलं, विरघळली माउली. पण ती टक लावून त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"घी घर का है, अम्मा. लई मस्त."

परत येताना रिक्षात आई माझ्या कानाशी वाकली. "बघितलंस? एका घासात ओळखलं. गेल्या साली आपल्या थाळीतलं खाल्ल्याशिवाय कसं ओळखेल?"