ठेकेदाराची तब्येत

धडधाकट कुत्र्याच्या अंगात एका बैठकीत चार आजार शोधून काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या मावशीचा नवरा होता. आम्ही त्यांना मावसाजी म्हणायचो. शहराबाहेरच्या वाडी गावात एका ट्रान्सपोर्ट गोदामात ते बुकिंगचं काम बघत, प्रताप नगरात दोन खोल्यांच्या घरात राहत, आणि सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या लाकडी खोक्यात बसवून आपल्या कुत्र्याला रोज कामावर नेत. कुत्र्याचं नाव ठेकेदार. हमाल पोती उचलत असताना हा सावलीत पाय पसरून देखरेख करायचा, म्हणून हमालांनीच ते ठेवलं होतं. कॉलेजची चार वर्षं मी मावशीकडे राहिलो. त्या काळात ठेकेदार मला एकदाही आजारी दिसला नाही आणि मावसाजींना एकदाही बरा दिसला नाही.

या विद्येचा उगम रद्दीत होता. कुत्र्यांच्या रोगांवरचं एक जुनं पुस्तक त्यांना तिथे सापडलं. त्यातलं लक्षणांचं अर्धं पुस्तक शाबूत होतं आणि उपायांचं उरलेलं अर्धं उंदरांनी खाल्लं होतं. त्यामुळे कुत्र्याला काय काय होऊ शकतं हे मावसाजींना पूर्ण ठाऊक होतं, आणि झाल्यावर काय करायचं हे काहीच ठाऊक नव्हतं. उपाय ते ट्रक ड्रायव्हरांकडून मिळवत. वाडीला चारी दिशांचे ट्रक थांबत. अमृतसरचा ड्रायव्हर मोहरीचं तेल सांगे, मद्रासकडचा ताकात वाटलेला कढीपत्ता, कलकत्त्याचा पिकलं केळं. ठेकेदार हे सगळं मिटक्या मारीत खायचा आणि जोरात शेपूट हलवायचा. मग मावसाजी चिंतेने मला विचारायचे, "डावीकडेच जास्त हलवून राहिला, पाह्यलं का गा?"

उजाडलं की तपासणी सुरू. हात उपडा करून नाक ओलं आहे का पाहायचं. ओठ वर करून हिरडी अंगठ्याने दाबायची आणि पांढरी पडलेली जागा पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. कान हुंगायचे. शेवटी अंगणाच्या कोपऱ्यात छत्रीच्या टोकाने एक पाहणी असायची, आणि तिचा वृत्तांत नेमका मावशी पोह्यांवर तर्री ओतत असताना सांगितला जायचा. "रंग साधारण असाच होता," ते माझ्या ताटलीकडे बोट दाखवून म्हणायचे. मी दोन वर्षं कोरडे पोहे खाल्ले. मावशी एकदा वैतागून म्हणाली, "मले तीन दिवसापासून ताप आहे. माहं नाक पाह्यलं का कोणी?" मावसाजी खरोखरच उठले, त्यांनी तिच्या नाकाला हात लावला, "ओलं आहे वं, काही नाही झालं तुले," असं सांगितलं आणि ते कामावर गेले. तिला सर्दी झाली होती.

माणसांनाही ते हीच कसोटी लावत. गोदामाचे मॅनेजर एकदा त्यांना झापत होते आणि रागाने त्यांचे कान लाल झाले होते. मावसाजींनी पुढे होऊन साहेबांचा एक कान चिमटीत धरला आणि मनापासून विचारलं, "साहेब, कान तापले तुमचे. पाणी पिऊन राहिले ना बराबर?" त्यानंतर मॅनेजर त्यांच्याशी नेहमी टेबलाच्या पलीकडूनच बोलले.

पण खरा कहर झाला तो मी त्यांचा विसरलेला डबा द्यायला गोदामात गेलो त्या दिवशी. पाहतो तो आठ हमाल बाहेर कडुनिंबाखाली ओळीने बसलेले, प्रत्येकाने आपला वरचा ओठ बोटांनी उचलून धरलेला, आणि मावसाजी एकेकाची हिरडी दाबत निघालेले. मधे ठेकेदार, डोळे लालभडक, नाकातून धार, पंजांनी तोंड घासत एकामागून एक शिंका देतोय. "जवळ नको येऊ गा!" मावसाजी ओरडले. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "याच्यापासून सगळ्याईले लागण झाली. पहिले तो शिंकला, मग हमाल, मग मी!" आणि त्यांनीही एक सणसणीत शिंक दिली. एका हमालाने ओठ धरल्या धरल्याच काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण ओठ सोडायची परवानगी नसल्यामुळे ते कोणाला समजलं नाही.

ठेकेदाराला खोक्यात घालून आम्ही गुरांच्या दवाखान्यात गेलो. मावसाजींनी वाटेतच त्याच्या वतीने आशा सोडली होती. "त्याले आवडायचं ते सगळं दिलं मी," सायकल हाणता हाणता ते म्हणत होते, "एक फक्त बर्फी नाही दिली." डॉक्टर मावसाजींना दर आठवड्याला पाहून कंटाळलेले. त्यांनी कुत्रा जवळ घेतला, त्याची मान हुंगली आणि लागोपाठ तीन वेळा शिंकले. मावसाजींचा चेहरा पांढराफटक पडला. "डॉक्टरसाहेब, तुमालेही?"

"अहो," रुमाल नाकाला लावून डॉक्टर म्हणाले, "हा कुत्रा झोपला कुठे होता?"

मग उलगडा झाला. सकाळीच भिवापूरच्या मिरचीची पोती उतरली होती, त्यातली दोन फुटली होती आणि ठेकेदाराने नेमकी तीच गादी पसंत केली होती. ठेकेदाराला आंघोळ घालण्यात आली. घरी मावशीने सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "भिवापूरची होती, तं किलोभर आणली काहून नाही?"

पुढे मला भंडाऱ्याला नोकरी लागली आणि जाणं-येणं कमी झालं. काही वर्षांनी एका जानेवारीत रजा काढून गेलो, तर ठेकेदार ओसरीत पोत्यावर पडून होता. मला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला, पण मागचे पाय साथ देईनात. समोरचं दूध तसंच होतं आणि पाण्याचं भांडं मात्र रिकामं. डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. अर्ध्या पुस्तकातली सगळी लक्षणं त्याच्या अंगावर आली होती, आणि मावसाजी मात्र सकाळी उठून तोंड धुऊन सरळ पेपर वाचत बसले होते.

"मावसाजी, याला डॉक्टरांना दाखवायचं का?" मी विचारलं.

"काहून? काय झालं त्याले?" पेपर त्यांनी खाली केला नाही.

मी हट्टच धरला, तेव्हा आम्ही त्याला सायकल रिक्षातून नेलं. डॉक्टर तेच होते. त्यांनी बराच वेळ ठेकेदाराच्या पोटावर हात ठेवला. "मूत्रपिंडं गेली आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "वयही झालंय. आता सुया टोचून त्याला त्रास देऊ नका. जितके दिवस आहे तितके घरात, माणसांत राहू द्या." मावसाजी "हो हो" म्हणाले, जणू कोणी पत्ता सांगत होतं. परतताना ठेकेदार त्यांच्या मांडीवर होता.

मावशी दारातच उभी होती. "काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही वं," मावसाजी म्हणाले. "ऊन लागलं म्हणाले त्याले. थोडंसं ऊन बाधलं, बस."

सकाळचे नऊ वाजले होते. बोचरा वारा सुटला होता आणि रिक्षावाल्याने कानाला मफलर गुंडाळला होता. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"होय," ती म्हणाली. "दोन दिवसापासून भलतंच तापून राहिलं बाप्पा."

ती आत गेली, फळीवरचा हातपंखा काढून आणला, अंगावरची शाल घट्ट लपेटून ठेकेदाराशेजारी बसली आणि वारा लागेल न लागेल असा तो पंखा हळूहळू हलवू लागली. मावसाजी त्याच्या डोक्याशी बसले. मी अंगातलं स्वेटर काढून खुंटीला टांगलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसलो.